रोलर कोस्टरला वाहिलेला नारळ

चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. हसायचं तर खुशाल हसा, पण आमच्या घरमालकीण हंसाबेनसारखं पदर तोंडात कोंबून हसू नका. ते हसणं जास्त लागतं बाई!

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. लग्न झालं आणि मी सुरतेत आले. तनूचे पप्पा इच्छापोरला ठेकेदाराकडे वेल्डर आहेत. मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. तनू आमची एकुलती एक, सात वर्षांची. आठव्या महिन्यातच जन्मली. एकवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेरून काचेला हात लावून उभी. तेव्हापासून माझा हात तिच्या कपाळावरून निघालेलाच नाही, असं समजा. ती शिंकली की मी थर्मामीटर शोधते. ती धावली की मी ओरडते. ती गप्प बसली, तर मी जास्तच घाबरते.

आणि तिनं काहीही मागितलं की माझं एकच ठरलेलं उत्तर असतं. "तू अजून लहान आहेस. पुढच्या वर्षी बघू."

सायकल? पुढच्या वर्षी. शाळेची सहल? पुढच्या वर्षी. उतराणला गच्चीवर पतंग? पुढच्या वर्षी, आणि तेव्हाही मी मागून फ्रॉक धरून उभी राहणार!

तर आमच्या वस्तीच्या पुढे एक कपडा रंगवायची मिल आहे आणि मिलच्या पलीकडे मुलांची बाग. त्या बागेत एक जुना रोलर कोस्टर होता. पुढे ड्रॅगनचं तोंड, मागे पाच-सहा डबे. तनू त्याच्याकडे बघत उभी राहायची आणि मी तिला ओढत आणायची. एक दिवस बघतो तर काय, ड्रॅगनचं तोंड जमिनीवर पडलेलं आणि पाइप सगळे काढून ठेवलेले. गंजला होता म्हणे. बाहेर गुजरातीत पाटी लावली होती, की नवीन राइड बनते आहे.

मी मनात म्हटलं, सुटले!

पण तनूनं रस्त्यावरच भोकाड पसरलं. "मी बसायच्या आधीच मोडला! तू पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत बसलीस!"

त्या संध्याकाळी ती जेवलीच नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून नुसती मुसमुसत बसली. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "नवीन रोलर कोस्टर ज्या दिवशी सुरू होईल ना, त्या दिवशी आपण तिघं त्यात बसू. कानबाईची शपथ!"

तनूचे पप्पा जेवता जेवता थांबले. कारण आमच्या खान्देशात बाकी कुणाची शपथ मोडेल, पण कानबाईची मोडत नाही. श्रावणात ही देवी घरी येते, आपल्या पाटावर बसते. तिच्याशी खोटं बोलून तिला तोंड कसं दाखवणार?

पण मी काही वेडी नव्हते. शपथ घेण्याआधी मी हिशोब केला होता. माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं, पण सुरतेत काम कसं चालतं हे मला कुठल्याही इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं! बघा तुम्हीच. आधी अक्षय तृतीयेची आखाजी, आपले खान्देशी कारागीर गावाला. मग पाऊस, पावसात वेल्डिंग बंद. मग गणपती. मग नवरात्र, रात्रभर गरबा खेळून सकाळी कोण पाइप उचलणार? मग दिवाळी, सगळं सुरत लाभपाचमपर्यंत कुलूपबंद. मग छठ, बिहारी कारागीर गावाला. मग उतराण, गच्चीवरून खाली कोण उतरतं? मग होळी, यूपीवाले गावाला. आणि होळी झाली की परत आखाजी आलीच!

आता मला सांगा, काम करणार कधी? सणांच्या फटीतून जेवढं होईल तेवढंच. मी दोन वर्षं धरली. दोन वर्षांनी तनू नऊ वर्षांची होईल, अंगात जरा ताकद येईल. तोवर निश्चिंत!

हंसाबेन म्हणाल्या, "ना रे ना, दिवाळी वेकेशनमां तो चालू थई जशे!"

"दोन कानबाई होऊन जातील बेन," मी म्हटलं. "लिहून घ्या."

आमच्या गच्चीवरून मिलचे पत्रे दिसतात. महिन्याभरानं त्या पत्र्यांच्या वर लोखंडाचे खांब उभे राहिलेले दिसायला लागले. मी लगेच ओळखलं. हाच तो! बागेत काही मी जाऊन बघितलं नाही, कारण बाग दिसली की तनू हट्ट धरेल, म्हणून मी शाळेचा रस्ताच बदलून टाकला होता. पण गच्ची तर होती! साड्यांचा गठ्ठा घेऊन मी रोज वर जाऊन बसायची आणि टिकल्या चिकटवता चिकटवता खांब मोजायची.

"आज चौथा लागला," मी रात्री भाकरी थापताना सांगायची.

"अच्छा," तनूचे पप्पा म्हणायचे.

"आज वरून तिरपा पाइप टाकला. केवढा उंच चढ आहे हो! पोरं पडतील की खाली!"

"हं," ते म्हणायचे आणि ताटात बघून हसायचे. माझा नवरा वेल्डर आहे आणि लोखंडाचं नाव काढल्यावर नुसतं 'हं' म्हणतो, यात मला काही वेगळं वाटायला नको होतं का? पण नाही वाटलं!

आणखी एक गोष्ट मला कळायला हवी होती. दिवाळीनंतर बापलेक दर रविवारी सकाळी नाश्त्याला लोचो आणायला जायला लागले. लोचोचं दुकान कोपऱ्यावर, दहा मिनिटांचं काम. हे दोन तासांनी यायचे. लोचो गार, आणि तनूचे केस असे उभे, जसं काही कुणी पंख्यासमोर धरली होती.

"एवढी गर्दी असते का हो दुकानात?"

"लै गर्दी," दोघं एकदम म्हणायचे.

मी बिचारी गार लोचो गरम करून खायची.

आणि मग तो दिवस उजाडला. होळीला अजून वेळ होता. सकाळी तनू शाळेत गेली, मी गच्चीवर गेले आणि साड्यांचा गठ्ठा तिथंच टाकला. त्या उंच चढाला झेंडूच्या माळा! आंब्याच्या पानांचं तोरण! अगदी खालपासून वरपर्यंत!

म्हणजे आज उद्घाटन! दोन वर्षांचं काम दहा महिन्यांत! उतराणलासुद्धा सुट्टी घेतली नाही की काय मेल्यांनी?

आता काय करायचं? शपथ तर कानबाईची. संध्याकाळी तनूला त्या चढावर बसवावंच लागणार. माझ्या डोळ्यांसमोर ती काचेची पेटी आली. एवढंसं लेकरू, आणि ते लोखंड!

पण सुरतेत राहून एक गोष्ट मी शिकले आहे. नवा लूम लावला, नवं मशीन आणलं, नवी रिक्षा घेतली, की आधी पूजा होते. नारळ, कुंकू, लिंबू-मिरची. पूजेशिवाय मशीनवर कुणी हात ठेवत नाही. म्हटलं, दुसऱ्यांनी केली असेल त्यांची पूजा, पण माझी लेक बसणार तर माझ्या हातचीच पाहिजे. मी घरातला नारळ घेतला, लिंबू-मिरची ओवली, नवी साडी नेसले आणि त्या चढाकडे बघत बघत चालत सुटले.

एक गेट उघडं होतं. आत तो चढ समोरच! म्हटलं, हे बागेचं मागचं गेट असणार. शिरले आत. चष्मा लावलेला, कपाळावर टिळा असलेला एक सुपरवायझर लगबगीनं पुढे आला.

"आओ बेन, आओ! पूजा के लिए शेठ ने भेजा ना? कब से राह देख रहे हैं!"

बागेलाही शेठ असणारच. मी मान हलवली. पाच-सहा कारागीर टोप्या काढून उभे राहिले. मी कुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं, लिंबू-मिरची बांधली. सगळे हात जोडून उभे. असा मान मला माझ्या लग्नात मिळाला नव्हता हो!

मग माझ्यातली वेल्डरची बायको जागी झाली. "भैया, वेल्डिंग बराबर चेक किया ना? पहले खाली चलाओ. फिर वजन रखके चलाओ. एकदम से लोड नहीं देने का."

सुपरवायझरनं कारागिरांकडे बघितलं. "देखो! बेन को सब मालूम है!"

मी आणखी फुगले. "और बच्चा कितने साल का चलेगा इसमें?"

तो एकदम पांढरा पडला. "नहीं नहीं बेन! बच्चा एक भी नहीं! हमारे यहाँ अठारा साल के नीचे किसी को हाथ भी नहीं लगाने देते!"

"अठारा?" माझ्या जिवात जीव आला. अठरा वर्षं! कानबाई माय पावली! शपथ मोडली नाही आणि लेकही वाचली! पण मग मला तनूचा तो भाकरीचा तुकडा आठवला आणि वाईटही वाटलं. म्हटलं, विचारून तर बघू. "मेरी बेटी सात साल की है. एक बार मेरी गोद में बैठेगी तो? कोने में? बैठने की जगह किधर है?"

सुपरवायझर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं त्या उंच चढाकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

"बेन," तो अगदी हळू म्हणाला, "इसमें कोयला बैठता है."

तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलं. खडखड करत तो पट्टा सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांसमोर कोळसा ओळीनं, शिस्तीत, वर चढायला लागला. सरळ मिलच्या बॉयलरकडे!

मी नऊ महिने मिलचा कोळशाचा पट्टा मोजत होते! त्याची उंची बघून घाबरत होते! आणि आता त्याला लिंबू-मिरची बांधून बसले होते!

घरी कशी आले, विचारू नका. नव्या साडीवर काळे ठिपके, नाकावर काळं. हंसाबेनना खरं सांगावं लागलं. तोच तो पदर आणि तेच ते तोंड!

संध्याकाळी मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. तनू हसली नाही. ती बापाकडे बघायला लागली, बाप छताकडे.

"आई," ती म्हणाली, "रागावणार नाहीस ना? ड्रॅगन तर दिवाळीलाच सुरू झाला. मी पंधरा वेळा बसले."

"काय?"

"सोळा," तिचे पप्पा छताकडे बघूनच म्हणाले.

लोचो! गार लोचो! उभे केस! आता कळलं मला, दुकानात कसली गर्दी असायची ती!

मी खूप रागावणार होते. पण आधी एकच विचारलं, "मी मिलकडे बघतेय हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या खांबापासून," ते म्हणाले. "कोळशाचा पट्टा मला कळणार नाही का?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी छतावरची नजर खाली आणली. "सांगणार होतो. पण तू गच्चीवर बसून खांब मोजायला लागलीस, आणि तनूचा ताप मोजायचं थांबलीस. रात्री झोपायला लागलीस. म्हटलं, राहू दे. आणि तिला मी उगाच नेलं नाही. आधी मी एकटा बसलो, एकेक जोड हातानं चाचपून बघितला. मग तिला बसवलं."

आता अशा माणसावर कसं रागवायचं, सांगा.

पण शपथ राहिली होती ना! पहिला दिवस हुकला म्हणून कानबाईची माफी मागितली, पण तिघांनी बसायचं होतंच. रविवारी गेलो. ड्रॅगन बघितला आणि मलाच हसू आलं. आमच्या गच्चीएवढासुद्धा उंच नाही! कुठून दिसणार होता तो मला? मी ऐटीत पुढच्या डब्यात तनूशेजारी बसले. तिचे पप्पा मागच्या डब्यात.

आणि मी किंचाळले. व माय वं, काय किंचाळले! अहो, अजून गाडी हलली पण नव्हती, तो भैया फक्त दांडा लावत होता! मग गाडी चढली, वळली, उतरली, आणि माझे डोळे घट्ट मिटलेले. मध्येच कपाळावर काहीतरी गार लागलं. तनूचा हात. ती माझा ताप बघत होती.

गाडी थांबली. राइडवाला भैया हसत म्हणाला, "क्या बेटा, मम्मी को एक चक्कर और?"

तनूनं माझ्याकडे नीट बघितलं. माझा सुटलेला अंबाडा, पांढरं पडलेलं तोंड. मग तिनं माझा हात धरून मला खाली उतरवलं आणि त्याला समजुतीनं सांगितलं,

"नहीं भैया. आई अजून लहान आहे. पुढच्या वर्षी बघू."