बिनबंदुकीचा पट्टा

गागोदे बुद्रुकच्या पुढे डोंगर जिथे खाली उतरून शेतांना टेकतो, तिथे कुसुंबवाडी आहे. भात कापून झालं की या वाडीत त्याच ओलीत वाल पेरतात. वालाला पाणी घालावं लागत नाही. थंडीतल्या दवावर तो वाढतो, फुलतो, शेंगा धरतो. माणसाने फक्त राखायचं, आणि राखायचं ते रानडुकरांपासून. कळप एकदा शेतात शिरला की सकाळी ते शेत नांगर फिरवल्यासारखं दिसतं.

ही राखण हैबतरावांच्या घराकडे होती. त्यांच्या बापाच्या नावावर शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना होता, तो बापामागे त्यांच्या नावावर झाला. साधी एकनळी बंदूक, दस्ता घामाने काळा पडलेला. तिने त्यांनी कधी जनावर मारलं नाही. दिवेलागणीला आणि पहाटे बांधाबांधाने फिरायचं, चाहूल लागली की आभाळात एक बार काढायचा, एवढंच काम. तो आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, तेव्हा वाडीतल्या बाया चुलीपुढे बसल्याबसल्या म्हणायच्या, हैबतदादा शेवटच्या बांधावर पोचले.

त्या शेवटच्या बांधापलीकडे धोंडुबाईचा तुकडा. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि शेत असं की जंगलातून पहिलं पाऊल पडणार ते त्यातच. तिथवर बंदूक पोचली तर तिचा वाल, नाहीतर नाही.

वाडीचा एक रिवाज आहे. शेंगा भरल्या की मडक्यात भाजून पोपटी लावतात, पण पहिली पोपटी लागण्याआधी प्रत्येक घरातून एक सूप शेंगा बंदूकवाल्याच्या ओट्यावर येतात. कोणी हाक मारत नाही, कोणी टेकत नाही. सूप ओतायचं आणि निघायचं. त्याला राखणीचं सूप म्हणतात. हैबतरावांना आयुष्यात दुसरा मान मिळाला नव्हता. ते कधी सरपंच झाले नाहीत, भजनात त्यांचा सूर लागला नाही, पोरगा हितेशही रोह्याला धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायला निघून गेला. पण ओट्यावर तो हिरवा ढीग पडला की दिवसभर त्यांच्या तोंडातून शब्द निघत नसे. त्यांची बायको अनसूयाबाई म्हणत, आज ह्यांच्याशी बोलू नका, आज ते राजे हायत.

मागच्या पावसाच्या अखेरीला शेवाळलेल्या बांधावरून हैबतरावांचा पाय गेला आणि डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं. हितेशने त्यांना रोह्याला नेलं. तिथे हाडात पट्टी बसवली, स्क्रू मारले. दिवाळीनंतर ते घरी आले तेव्हा हात हलत होता, पण खांद्याच्या वरच्या कातडीखाली ती लोखंडी पट्टी बोटाला लागत होती.

वाल तेव्हा वीतभर झाला होता. पहिल्या संध्याकाळी त्यांनी खुंटीवरची बंदूक काढली आणि जन्मभराच्या सवयीने डाव्या खांद्याला लावली. जुना चामड्याचा पट्टा दोन बोटं रुंद, पावसाघामाने काठीसारखा कडक झालेला. तो नेमका स्क्रूंवर बसला. अंगणाच्या कडेपर्यंतही ते पोचले नाहीत. जात्याशेजारीच खाली बसले.

मग उजव्या खांद्याला लावून पाहिली. पण उजवा खांदा तरुणपणापासून कावडीखाली झिजून उतरता झालेला. चार पावलं गेली की पट्टा घसरे आणि बंदूक कोपरावर येई. हातात धरून फिरावं, तर मग बॅटरी कुठे धरायची आणि काठी कुठे? बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नव्हती. परवान्यावर नाव एकट्याचं. शेजारच्या निकेशने एकदा हात पुढे केला होता, तो हैबतरावांनी नुसत्या नजरेने मागे सारला. पोलीस केस झाली तर परवानाच जाईल, आणि परवान्याबरोबर घराकडची राखण.

हितेशने मोबाईलवरून एक पट्टा मागवून धाडला. काळा, नायलॉनचा, खांद्यावर टेकायला जाड गादी, दोन्ही टोकांना चमकते हूक. त्या हुकांना हैबतरावांच्या बंदुकीची कडी लहान पडली. तारेने बांधून पाहिलं तर हूक नळीवर खुळखुळ वाजत. डुकराला ऐकू यायला एवढं पुरे. शिवाय नायलॉन स्वेटरवरून असं सरके की गादी खांद्यावर राहण्याऐवजी मानेत जाऊन बसे.

रोहा स्टेशनच्या रस्त्याला काळुराम बसतो. चपला, दप्तरं, प्रवासी बॅगा, सगळं शिवतो, आणि शिवताना बोलायचं थांबत नाही. रोह्यात राहत असताना हैबतरावांची त्याच्याशी ओळख झाली होती. ते नायलॉनचा पट्टा आणि बंदुकीचं माप घेतलेली सुतळी घेऊन त्याच्याकडे गेले. काळुरामने विचारलं, काय, म्हातारपणी दरोडा घालायचाय का? मग सुतळी त्यांच्याच अंगावर टाकून बघू लागला. त्याचं म्हणणं असं की एका खांद्याला टांगायची गोष्टच सोडा, शाळेची पोरं दप्तर अडकवतात तसा पट्टा तिरका घाला. उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका उतरून डाव्या कमरेकडे. बंदूक पाठीवर. डाव्या हाडाला शिवायचंच नाही, आणि उजवा खांदा कितीही उतरता असला तरी तिरकं घातलेलं घसरून जाणार कुठे?

पहिला पट्टा बिघडला. सुतळीचं माप हैबतरावांनी सदऱ्यावर घेतलं होतं, आणि राखण असते थंडीत, स्वेटरवर. पट्टा छातीला असा आवळला की श्वास पुरा जाईना. दुसऱ्यांदा ते स्वेटर घालूनच एस्टीत बसले आणि भर दुपारी घामाघूम होऊन काळुरामच्या पुढ्यात उभे राहिले. काळुराम इतका हसला की सुई हातातून पडली. पण या खेपेला जमलं. पट्टा कॅनव्हासचा केला, कपड्यावर न सरकणारा. जुन्या नायलॉनची गादी कापून ती उजव्या खांद्यावर येईल अशी आत शिवली. हुकांच्या जागी चामड्याचे मऊ फास, लहान कड्यांतून जाणारे, आवाज न करणारे. आणि छातीवर एक लोखंडी बक्कल, तिला अंगठाभर चामड्याची जीभ. जीभ खाली ओढली की पट्टा आवळून बंदूक पाठीला चिकटते, बांधावरून उतरताना झोके घेत नाही. जीभ वर उचलली की पट्टा सैल पडून बंदूक काखेखालून पुढे येते. काळुरामने एका बांबूला विटेचे तुकडे बांधून बंदुकीएवढं वजन केलं आणि हैबतरावांना रस्त्यावरच फेऱ्या मारायला लावल्या. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये मूठ जाईल एवढाच ढिला ठेवा, म्हणाला. त्याहून आवळलात तर दमाल, त्याहून सोडलात तर दस्ता मांडीवर बडवत राहील.

आता मागची एक गोष्ट सांगायला हवी.

पहिला पट्टा बिघडला त्या आठवड्यात वाडीचे पोलीस पाटील हिरामण ओट्यावर येऊन बसले होते. जिल्हा परिषदेची निवडणूक कधीही लागेल, असं ते सांगत होते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, हे हैबतरावांना ठाऊक होतं. पण त्यांच्या हयातीत निवडणुका आल्या त्या उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्यात. वाल शेतात उभा असताना कधी आली नव्हती. हिरामण म्हणत होते, शेतराखणीसाठी बंदूक जवळ ठेवायची सवलत मागता येते. अर्ज आत्ताच देऊन ठेवू, ग्रामपंचायतीचं पत्र मी आणतो, तू नुसता माझ्याबरोबर पेणला चल.

हैबतरावांनी डाव्या खांद्यावर हात ठेवला.

"खांद्यावर येत नाय ती बंदूक मागू कशी, पाटील? साहेबांनी इचारलं, घेऊन फिरून दाखव, तर काय दाखवू? पयला पट्टा होऊ दे. पट्टा झाला की छाती पुढं काढून येतो."

"पट्ट्यावाचून अर्ज अडतो व्हय?"

"माझा अडतो."

हिरामण चहा पिऊन निघून गेले. हैबतरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जे पेलत नाही ते आपलं म्हणून सांगायचं नाही, असं त्यांच्या घराचं वळण होतं.

दुसरा पट्टा घेऊन ते रोह्याहून परतत होते. एस्टीत खिडकीशी बसून ते ती चामड्याची जीभ ओढत होते, सोडत होते. गाडी गडबच्या थांब्यावर उभी असताना मोबाईल वाजला. हिरामण होते. निवडणूक जाहीर झाली होती, बंदूक जमा करायचा निरोप आला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, खुर्चीही दिली. म्हणाला, सवलतीचे अर्ज बघून झाले, नावं वर गेली, आता माझ्या हातात काही नाही, तुम्ही आधी यायला हवं होतं. हिरामणांनी हैबतरावांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं हैबतरावांना वाटलं.

बंदूक जमा करायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पट्टा तिला चढवला आणि अंगणात उभे राहिले. स्वेटरवर गादी बरोबर बसली. जीभ ओढली, बंदूक पाठीला लागली. उचलली, काखेखालून पुढे आली. पुन्हा ओढली. पुन्हा उचलली. अनसूयाबाई दारात होत्या.

"बोहल्यावर उभं राहताना उपरणं सारखं करायला एवढा येळ लावला नव्हता," त्या म्हणाल्या.

"कुठं दुखत नाय गो," हैबतराव म्हणाले. "कुठंच दुखत नाय."



पेणच्या ठाण्यात बंदूक घेणाऱ्या हवालदाराने पट्टा काढून घरी न्यायला सांगितला. नवा दिसतोय बाबा, म्हणाला, इथे ढिगात कुठे गेला तर तुमचा जीव हळहळेल. हैबतरावांनी फास सोडले. पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवायचा सोडून तो त्यांनी अंगावरच घातला आणि तसेच बाहेर पडले. छातीवर पट्टा, पाठीवर काही नाही.

वालाच्या शेंगा तेव्हा दाणा धरत होत्या.

हैबतराव हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. त्यांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याला भोकं पाडून पट्ट्याचे फास ओवले. बक्कल वर सरकवून पट्टा आखूड केला. डबा बरोबर पोटावर आला. डावा हात वर जात नव्हता, म्हणून उजव्या हातात दांडका घेतला आणि दिवेलागणीला बांधावर निघाले. निकेशने वाटेत विचारलं, दादा, कुणाच्या वरातीत? नजरेने हात मागे सारल्याचं तो विसरला नव्हता. पण बोलून झाल्यावर त्यानेही घरातली परात काढली आणि मागून चालू लागला.

पहिल्या संध्याकाळी कळप थबकला. जंगलाच्या कडेला पाचोळा वाजला, मग वाजायचा थांबला. वाडी खूश झाली. पुढच्या एकदोन संध्याकाळी पाचोळा जरा जवळ वाजला. वाडीतल्या लोकांनी सुतळी बॉम्ब फोडले, तर डुकरं एका टोकाकडून हलून दुसऱ्या टोकाला आली. मग एका संध्याकाळी हैबतराव शेवटच्या बांधावर उभे राहून डबा बडवत होते, अजून झाडं ओळखू येत होती एवढा उजेड होता, आणि डुकरं बाहेर आली. पुढे मोठी मादी, मागे पिल्लं. ती धोंडुबाईच्या वालात शिरली आणि मुसकटाने माती उलटू लागली.

हैबतराव बडवत राहिले. मादीने एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

त्यांचा अंगठा आपोआप छातीवर गेला. त्यांनी जीभ वर उचलली. पट्टा झटक्यात सैल पडला, जसा पडायला हवा तसाच, आणि डबा सरकत मांडीवर येऊन आपटला. उजवा हात काखेखाली गेला होता. तिथे काही नव्हतं.

धोंडुबाईचा तुकडा त्या संध्याकाळी गेला. पुढच्या काही दिवसांत वरच्या अंगाची आणखी शेतं गेली. खालची थोडी वाचली, तीही डुकरांचं पोट भरलं म्हणून. हैबतरावांना कोणी बोललं नाही. हिरामणांनी अर्जाची गोष्ट वाडीत कुणाला सांगितली नव्हती. म्हणून एका सकाळी हैबतराव स्वतःच धोंडुबाईच्या दारी गेले आणि उभ्याउभ्या सांगून टाकली. पाटील बोलवायला आले होते, मी पट्ट्यासाठी थांबलो. धोंडुबाई अंगण झाडत होती. तिने ऐकलं, आणि उरलेलं अंगण झाडून पुरं केलं.

निकाल लागला, गुलाल उडाला, आणि बंदूक न्यायचा निरोप आला. हैबतराव पट्टा घालूनच पेणला गेले. ठाण्याच्या आवारात त्यांनी फास कड्यांतून ओवले, बक्कल जुन्या खुणेवर आणली, जीभ ओढली. बंदूक पाठीला लागली. फाट्यावर उतरून वाडीपर्यंत ते पायी आले. चढ आला, उतार आला, ओहोळ ओलांडला. बंदूक जागची हलली नाही. खांदा भरून आला नाही. निदान थोडं तरी टोचावं असं त्यांना वाटत होतं, पण काळुरामने कुठे टोचायला जागाच ठेवली नव्हती.

ओट्यावर शेंगा होत्या. नेहमीचा ढीग नव्हता. खालच्या घरांची दोनतीन सुपं ओतलेली, मध्ये जमीन दिसत होती. अनसूयाबाई त्या गोळा न करता बाजूला बसून होत्या. आणि धोंडुबाई सूप घेऊन पायरीशी उभी होती. रिवाजाप्रमाणे ओतून निघून गेलेली नव्हती. तिच्या सुपात मूठभर शेंगा होत्या, अर्ध्या मातीने माखलेल्या, उलटलेल्या ढेकळांतून वेचून काढलेल्या.

"काकी," हैबतराव म्हणाले, "औंदा राखण झालीच नाय."

"ते मला ठाव हाय. शेत माझं गेलंय."

"मग कशाला आणल्यास?"

"माझ्या घरातनं सूप चुकलं नाय कधी. तुझं चुकलं म्हणून माझं चुकवू?"

तिने सूप ओतलं. शेंगा इतक्या थोड्या होत्या की पडताना आवाजही झाला नाही. मग ती रिकामं सूप कमरेवर ठेवून उतरत्या वाटेने निघून गेली.

हैबतराव पाठीवर बंदूक घेऊन ओट्यासमोर उभे राहिले. अनसूयाबाईंनी वर पाहिलं आणि विचारलं, शेंगा आत घेऊ का?  त्यांचा अंगठा छातीवरच्या जिभेशी गेला, आणि बंदूक उतरवायची की तशीच घालून शेवटच्या बांधापर्यंत जाऊन यायचं, हे न कळून तिथेच राहिला.