एक्स-रेचा खेळ

करडी गावाला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या काकांनी आपल्या पायाचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि अख्ख्या बसला खेळ दाखवायला सुरुवात केली. मोडलेलं हाड आतून सडलं होतं. पाय कापायची वेळ आली होती. मग डॉक्टरांनी सडका भाग काढून तिथं जंतू मारणारे खनिजाचे दाणे भरले.

"पाहा, दाणे विरून राहिले अन् हाड भरून राहिलं!" काका नवरदेवाच्या थाटात म्हणाले. "यंदा धानाच्या रोवण्याले मीच चिखलात उतरतो."

"डाक्टरनं यंदा चिखल नाही म्हणलं," काकू म्हणाल्या. "बांधावर बसा."

"बसून काय करू?"

"रोवणाऱ्या बायांवर ओरडा. खाटेवर पडून माह्यावर थेच तं करत होते!"

बस हसली. सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसले, आणि वाचलेल्या पायानं त्यांनी बसच्या पत्र्यावर ताल धरला.