दगडावरचं शेवटचं पान

बातमी आली तेव्हा माझ्या अर्ध्या तोंडाला साबण होता. उरलेला गाल गुळगुळीत झाला होता आणि आरशासमोर उभा राहून मी आमच्या मंडळाच्या नव्या नाटकातल्या सेनापतीची गर्जना घोटत होतो. तेवढ्यात दारात महादेव येऊन उभा राहिला. महादेव म्हणजे माझा जुना मित्र सीताराम, त्याचा पुतण्या, चितारओळीत मूर्ती घडवणारा, तिशी ओलांडलेला गडी. कोपरापर्यंत ओली माती तशीच होती. तो हात न धुता आलाय, यावरूनच मला कळायला हवं होतं. पण मी आपला सेनापतीच्याच आवाजात विचारलं, "कोण तू? शत्रू की मित्र?" तो म्हणाला, "नाना, काका गेले. दगडापाशी बसल्या बसल्याच गेले. हात दगडावरच होता."... मी अर्धी दाढी तशीच ठेवून त्याच्यामागे निघालो. नागपुरातल्या महाल भागातल्या माझ्या घरापासून चितारओळीपर्यंत लोक माझ्याकडे बघून हसत होते. सीतारामला हे फार आवडलं असतं. त्याच्या शेवटच्या प्रवासाची सुरुवात हशाने झाली आणि हसवणारा मी होतो. आमची वाटणी तीस वर्षांपूर्वीच ठरलेली होती. चित्र त्याचं, तोंड माझं.

त्या वाटणीची गोष्ट आधी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबती, म्हणजे बाईचे पुतळे, निघतात आणि त्यांच्याबरोबर बडगे, पुरुषाचे. वर्षभर ज्या गोष्टीने डोकं फिरवलं तिचा बांबूचा, चिंध्यांचा, कागदाचा पुतळा करायचा, गावभर नाचवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. सीतारामचं घराणंच पुतळे करणारं. पण हा विशीचा पोरगा पुतळ्याबरोबर एक कागदही काढायचा. त्यात चित्रं त्याची, मजकूर त्याचा. मी एखाद्या उलट्या पिंपावर चढून तो कागद नऊ रसांत वाचून दाखवायचो आणि पुतळ्यामागची निम्मी गर्दी आमच्याकडे वळायची. अशाच एका मिरवणुकीत जळता बडग्या बघताना त्याने मला विचारलं होतं, "नाना, एखादा बडग्या मधूनच पळून काहून जात नसेल गा?" मी म्हटलं, त्याला पाय कुठे असतात? कमरेखाली नुसता बांबू. त्यावर तो म्हणाला, "पाय मी देतो."

दोनच वर्षं चालला तो कागद. मग त्याचे वडील गेले, लग्न झालं, मुलगी झाली आणि सीताराम एका शिळाछापखान्यात चिकटला. तिथे गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात, अक्षरंही उलटी लिहितात आणि दगडावर कागद दाबून छापा उठवतात. काम झालं की वाळू-पाण्याने दगड घासून कोरा करायचा आणि त्यावर पुढचं चित्र. सीतारामने सव्वीस वर्षं विड्यांच्या बंडलांवरची लेबलं काढली. वाघ, मोर, घड्याळ, लक्ष्मी, पुन्हा वाघ. गिऱ्हाईक नमुना आणून द्यायचं आणि हा तो दगडावर हुबेहूब उतरवायचा. त्या दगडाला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. हाताखाली लाकडी पट्टी घेऊन तो काम करी. हाताचा तेलकटपणा दगडाला लागला तर डोळ्यांना दिसत नाही, पण शाईचा रूळ फिरला की हटकून उमटतो. मी अर्थातच बोट लावलं. तो चहाला उठला असताना वाघाच्या तोंडाजवळ हळूच अंगठा टेकवला. पुढे कितीतरी दिवस नागपुरात लोक जी विडी ओढत होते, तिच्या लेबलावरच्या वाघाच्या नाकावर माझा अंगठा होता. सीताराम आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी मात्र पानठेल्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, वाघाची अंगठ्याची सही पाहिली का?

मुलीचं लग्न झालं, बायको आधीच गेलेली, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या गृहस्थाने नोकरी सोडली. आता स्वतःचं लिहिणार, स्वतःचं काढणार, म्हणाला. पळालेल्या बडग्याची गोष्ट, पानोपानी चित्रं, पुस्तक करून. आमच्या ओळखीतल्या शहाण्या माणसांनी त्याला वेड्यात काढलं. मी शहाणा नसल्याने टाळ्या वाजवल्या. छापखान्याचे मालक मनाने चांगले होते. त्यांनी तोड काढली. सीतारामने आठवड्यातले दोन दिवस येऊन लेबलं काढून द्यायची, बदल्यात यंत्र वापरायचं आणि एक दगड घरी न्यायचा. एकच. लढाई सुरू झाली होती, हे दगड जर्मनीतून यायचे आणि तिथून आता गोळ्यांखेरीज काही येत नव्हतं. म्हणजे एक पान काढायचं, छापायचं, घासून टाकायचं, की मग पुढचं. कागद त्याने लढाईच्या आधीपासून थोडा थोडा जमवून ठेवला होता. मी म्हटलं, निदान सगळी गोष्ट वहीत तरी लिहून ठेव. तो म्हणाला, "वहीतलं दगडावर उतरवलं की ते पुन्हा लेबलच झालं नाना. सव्वीस वर्षं उतरवूनच राहिलो ना." हस्तलिखित नाही, कच्ची चित्रं नाहीत. जे होतं ते त्याच्या डोक्यात, तिथून थेट दगडावर आणि दगडावरून आठ दिवसांत पुसलेलं.

त्या दोन वर्षांत मी माझ्या मित्राला आनंदात पाहिलं, एवढं मात्र लिहून ठेवतो. त्याचा बडग्या जाळायला नेताना गर्दीतून निसटतो, जुम्मा तलावात स्वतःचा चेहरा बघून दचकतो, बर्डीच्या बाजारात कुणी विकत घेईल म्हणून दुकानासमोर मुकाट उभा राहतो... पान छापून झालं की मी ते मोठ्याने वाचायचो आणि शेवटच्या शब्दाला श्वास रोखून विचारायचो, मग? पुढे काय होतं? सीताराम उजवा हात उचलून पंजा माझ्या तोंडासमोर धरायचा. "थांब गा." एवढंच. मी लाडीगोडी लावली, रुसून पाहिलं, एकदा तर नाटकातल्या तलवारीचा धाक घातला. समोर तोच पंजा.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. तो इतका वेळ टाळत होतो, हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. सीतारामची खोली ओलसर. पुतण्याची माती तिथेच. म्हणून छापलेली पानं माझ्याकडे माळ्यावर असायची, दोन गठ्ठ्यांत. चांगले छापे लाल फडक्यात आणि डागाळलेले, वाकडे आलेले, टाकाऊ छापे सुतळीत बांधलेले. टाकाऊ पानं तो मला खुशाल वापर म्हणाला होता. कागद सोन्यासारखा झाला होता आणि आमच्या मंडळाला प्रत्येक नटाची भाषणं उतरवून द्यायला पाठकोरे कागद हवे होते. एकदा झडीनंतर ऊन पडलं तेव्हा मी मोठ्या प्रेमाने दोन्ही गठ्ठे गच्चीवर वाळत घातले आणि संध्याकाळी पुन्हा बांधले. एक ढीग जाड होता, एक बारीक. पुस्तकाचा ढीग जाडच असणार, असा मी सरळ विचार केला आणि जाड ढिगाला लाल फडकं बांधलं. तीस वर्षांच्या मैत्रीत मला एवढं कळू नये? सीतारामला स्वतःचं पसंत पडलेलं नेहमीच थोडं असायचं आणि नापसंत ढीगभर.

पुढच्या महिन्यात तालमीत माझं भाषण रंगात आलं होतं. कागद मी तोंडासमोर धरला होता आणि समोरचा नट एकाएकी हसायला लागला. "नाना," तो म्हणाला, "तुमच्या कागदामागचा गडी तुमच्याहून बरा नट आहे." मी कागद उलटा केला. बडग्याचा चेहरा होता. लख्ख, काळाभोर, कुठेही डाग नाही, डोळ्यांतली एकेक रेघ शाबूत... आणि हनुवटीखाली माझ्याच कात्रीने कापलेला. प्रत्येक पानाचे मी चार चार तुकडे केले होते. निम्मे तुकडे भाषणं पाठ करायला वर्धा, अमरावतीच्या नटांबरोबर गेले होते. उरलेल्यांवर डाळिंबी शाईत माझं सुंदर हस्ताक्षर होतं, आणि ती शाई पलीकडे फुटली होती.

मी त्याला सांगायला गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कुठलाही रस न घालता बोललो. त्याने ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, लाल फडक्यातले छापे आहेत ना अजून, डागाळलेले असले तरी वाचता येतात, त्यांचंच पुस्तक बांधू. तो शांतपणे म्हणाला, "खराब छापा वाचकाले द्यायचा होता, तर नोकरी काय वाईट होती गा?" मग त्याने तो गठ्ठा मागून नेला. पोळा जवळ आला होता, महादेव बडग्याचा सांगाडा बांधत होता आणि पुतळ्यावर चिकटवायला त्याच्याकडेही कागद नव्हता. सीतारामने खळ शिजवली आणि स्वतःच्या हातांनी आपल्या गोष्टीची पानं त्या पुतळ्याच्या छातीवर, पाठीवर, पोटावर चिकटवली. पूर्वीसारखा पिंपावर चढून वाचायला कागद आता नव्हता. मी नुसता मिरवणुकीबरोबर चालत गेलो. आग लागली तेव्हा सीताराम माझ्याशेजारी होता. "पळालेला परत आला पाहा," एवढं म्हणाला. हे वाक्य मी पुढे कुणालाही नक्कल करून दाखवलेलं नाही.

त्याने पुन्हा सुरुवात केली. लोकांना यात उमेद दिसते, मला तेव्हाही दिसली नव्हती. कागद संपला होता आणि नवा मिळत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे त्याची नजर चालली होती. डॉक्टरांनी डोळ्यांत दिव्याचा उजेड पाडून पाहिलं आणि आता बारीक काम बंद, एवढंच सांगितलं. आधीची पानं त्याला आठवेनात. एकदा दगडावर काढून पुसलेलं त्याच्या डोक्यातूनही पुसलं जात असावं. म्हणून त्याने थेट शेवटचं पान धरलं. शेवट त्याने कुणालाच सांगितला नव्हता, तो तेवढा शाबूत होता. मी म्हटलं, तोंडाने सांग, मी लिहून घेतो. मी तर त्यासाठी घरातली दिनदर्शिका फाडून पाठकोरी पानंही नेली होती. त्याने अंदाजाने माझ्या आवाजाच्या दिशेला पंजा धरला. "थांब. छापूनच वाच." मी म्हटलं, सीताराम, आता हट्ट सोड. तो हसला आणि म्हणाला, तुझ्या तोंडून एकदा बाहेर पडलं की ते तुझं होतं, मंग माझं काय उरते? मला राग आला, कारण ते खरं होतं. त्यानंतर पंधरा दिवस मी गेलो नाही. सोळाव्या दिवशी महादेव आला, हात न धुता.

दगड फडक्याने झाकलेला होता. सगळं उरकल्यावर मी आणि महादेवने तो टांग्यातून छापखान्यात नेला. नेण्याआधी मी तो आरशासमोर धरवून वाचून पाहिला. पहिली ओळ लागली, बडग्याने मागे वळून पाहिलं आणि... त्यापुढे ओळीवर ओळ चढली होती, अक्षरांत अक्षरं अडकली होती. मी मनाची समजूत घातली, छापा उठला की लागेल. मालकांना दगड परत हवाच होता, लेबलं अडून राहिली होती, पण घासण्याआधी त्यांनी स्वतः, कोऱ्या जागी शाई धरू नये म्हणून, डिंकपाणी दिलं, रूळ फिरवला आणि ठेवणीतल्या एका बऱ्या कागदावर छापा काढून माझ्या हातात ठेवला. मग आमच्यादेखत दगडावर वाळू पडली.

छाप्यात गोष्टीचा शेवट नाही. तिथे एक पंजा आहे. बोटं पसरलेला, अंगठ्यापासून मनगटापर्यंत काळा, रेषा न् रेषा उमटलेला, आणि त्याच्याखाली सगळ्या ओळी बुडालेल्या. ज्याने उभ्या आयुष्यात दगडाला हात लागू दिला नाही, तो ओळ कुठे संपली हे बघायला दगड चाचपत होता, आणि शेवटी हात तिथेच टेकून राहिला होता.

तो छापा मी दाढीच्या आरशाशेजारी लावला आहे. दगडावरचं कागदावर सुलट होतं, त्यामुळे हात समोरच्या माणसाने उचलून धरावा तसाच दिसतो, उजवा, अंगठा माझ्या उजवीकडे. घरी येणारे विचारतात, नाना, त्या पळालेल्या बडग्याचं पुढे काय झालं, तुम्हाला तर ठाऊक असेल. खोटं कशाला सांगू, माझ्याकडे त्या गोष्टीचे सात-आठ शेवट तयार आहेत, एकाहून एक रंगतदार, दोनांत तर मी स्वतःच आहे. मी घसा साफ करतो, खुर्ची पुढे ओढतो, तोंड उघडतो... आणि भिंतीकडे लक्ष जातं. मग मी आलेल्याला चहा विचारतो.