दोन बोल्ट

दाबाचं घड्याळ बसवताना मी चारपैकी दोनच बोल्ट आवळले, आणि पुढे महिनाभर पाणीचोर म्हणून एका म्हाताऱ्याच्या मागे लागलो.

जळगावचं सांडपाणी पंपाने शुद्धीकरण केंद्राकडे ढकलणारी ती लाइन. ती बंद करता येत नाही. आपण बंद केली म्हणून शहर संडासला जायचं थांबत नाही. म्हणून वाहत्या पाइपलाच लोखंडी पट्टा आवळायचा, बारीक भोक पाडायचं आणि घड्याळ लावायचं. उरलेले दोन बोल्ट जेवून आवळू म्हटलं. ढाब्यावर शेवभाजी थंड होत होती. येऊन पाहतो तर मजुरांनी खड्डा बुजवलेला, घड्याळाची नळी तेवढी वर. म्हटलं, दोनांवर काय बिघडतंय?

आठवड्याने दाब उतरला. गळती शोधायला मी लोखंडी गज घेऊन निघालो. त्याचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. फुटल्या जागी फुसफुस ऐकू येते. बांधापलीकडे म्हाताऱ्या आबांचं वावर होतं, त्यात म्हशींसाठी गवत. सगळं कापलेलं, फक्त एक हिरवागार तुकडा राखलेला, भोवती बाभळीचे काटे.

माझ्या डोक्यात लगेच पंचनामा सुरू झाला. गवताला सांडपाणी द्यायला लाइनवरून चोरून जोडणी घेतलेली असणार, आणि वर ती लपवायला काटे.

"आबा, एवढंच गवत का ठेवलं?"

"त्याना वास येस."

"मग काटे कशाला?"

"म्हशी जातीस ना तठे."

चोर उत्तरं तयार ठेवतो, असं मी मनाशी म्हटलं. त्यांच्या वावरात रोज गज टेकवत फिरलो. फुसफुस ऐकू यायची, पण बांधाकडे गेलं की वाढायची. तिकडे माझं घड्याळ होतं. माझ्या कामाला काय ऐकायचं, म्हणून मी परत वावरात यायचो. शेवटी साहेबांना सांगून टाकलं की म्हाताऱ्यावर केस करा. आबांना नोटीस गेली.

पंचनाम्याच्या सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून बांधावर उभे होते. नोटिशीची घडी मुठीत होती. साहेबांनी माझ्याकडून गज घेतला आणि थेट घड्याळाच्या नळीवर टेकवला. क्षणभर ऐकून म्हणाले, "खणा इथे."

पट्टा उघडा पडला. दोन बोल्टांच्या जागेतून काळं पाणी झिरपत होतं, उताराने आबांच्या गवताखाली जात होतं.

"हे दोन कोणी सोडले?"

"साहेब, त्या दिवशी शेवभाजी..."

"उतर खाली."

लाइन चालूच होती. मी खड्ड्यात बसून बोल्ट आवळले तेव्हा शहराने मला कोपरापर्यंत आणि वर थोडं तोंडावरही भिजवलं. साहेबांनी आबांच्या हातातली नोटीस घेऊन फाडली.

मी वर आलो. आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"मनं बठ्ठं वावर हुंगी लिधं, भाऊ. आते तुना हात हुंग."