माहेरचा पत्ता

घरासाठी कर्ज मागितलं तेव्हा कळलं की माझ्या क्रेडिट रिपोर्टवर अजून लालबागच्या चाळीचा, म्हणजे माहेरचाच पत्ता आहे. लग्नाआधी बँकेत दिलेला तो पत्ता बदलायचा राहून गेला होता. कर्ज देणारे म्हणाले, आधी तो दुरुस्त करून आणा.

हे धाकट्या भावाला फोनवर सहज सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, मी येतो बरोबर." भाऊबीजेला लालबागहून प्रभादेवीला यायला ज्याला वेळ होत नाही, त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मला बरं वाटलं.

बँकेतल्या बाईंनी माझे नवे कागद घेतले. "महिन्याभरात रिपोर्टवर नवा पत्ता येईल. जुना खाली तसाच दिसत राहील."

"तो पुसता येत नाही?" भावाने विचारलं.

"नाही. पण त्यामुळे यांचं कर्ज अडणार नाही."

माझं काम झालं होतं, पण त्याचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चाळ रीडेव्हलपमेंटला गेलीय. उद्या नव्या फ्लॅटवर तू हक्क सांगितलास, तर हा पत्ता पुरावा होईल, असं माझ्या बायकोला वाटतं."

"आणि तुला?"

त्याने बॅगेतून टाइप केलेलं हक्कसोडपत्र काढलं. "रागावू नकोस. नुसती सही कर."

तोवर माझ्या मनात हिश्शाचा विचारही आला नव्हता. कागद घडी करून मी पर्समध्ये ठेवला.

"वकिलाला दाखवते," म्हटलं, "मग सांगते."