आबा पुढं जाऊन विचारायचे

चौथीचा वर्ग मी दोनदा काढला, आणि नापास एकदाही झाले नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसा खुशाल. आम्ही धनगर. दिवाळी सरली की झरीजवळचं आमचं गाव सोडायचं आणि मेंढ्या घेऊन येलदरीच्या अंगाला सरकत राहायचं, ते थेट पावसाळा तोंडावर येईपर्यंत. बिऱ्हाड पडेल तिथल्या शाळेत मी. नव्या गावाच्या शिवारात मेंढ्या घालायच्या आधी माझे वडील, आमचे आबा, एकटेच पुढं जायचे आणि विचारून यायचे, "मेंढ्या बसू द्या, मालक." तिथून तसेच शाळेत. "पोरीला बसू द्या, गुरुजी."

बहुतेक गुरुजी बसू द्यायचे, त्यांचं भलं होवो. पण चौथीत असताना वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि एका शाळेनं नेमकं आडवं लावलं. आधीच्या शाळेचा दाखला नाही, म्हणजे पोरगी कुठं शिकलीच नाही. आबा पटका काढून हातात घेऊन व्हरांड्यात उभे, त्यांच्या मागं मी. तीन दिवस आम्ही गेलो. गुरुजींनी मान वर करून बघितलं नाही. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. परीक्षा हुकली, वर्ष गेलं. दहा कोसांवरचं गाव माझी चौथी मानायला तयार नव्हतं.

पुढं परभणीला वसतिगृहात राहून शिकले, शेतीची पदवी घेतली. मेंढ्यांच्या चाऱ्यावर आणखी शिकायला युरोपातल्या देशांनी मिळून दिलेली शिष्यवृत्ती मिळाली. पहिली सहामाही जर्मनीत, दुसरी बेल्जियममध्ये, आणि शेवटी पदवी एकच. घरात आनंदीआनंद. आबांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् दुसऱ्या देशानं पयल्याची परीक्षा मानली न्हाई तर?"

"शुभ बोला की जरा!" आई कडाडली.

"आबा, ते देश आता एक झालेत. एकमेकांच्या परीक्षा मानतात. मधल्या शिवा काढून टाकल्यात त्यांनी."

"शिवा काढल्या म्हन्ते! तिथली मान्सं बांध कोरायची बंद झाली व्हय?"

मी हसले, आणि रात्री शिष्यवृत्तीचे नियम पुन्हा वाचून काढले. सहामाही मानली नाही तर शिष्यवृत्ती तिथंच संपणार, आणि मी हात हलवत माघारी येणार. आबांनी माझी झाडून सगळी कागदं गोळा करून दिली. दुसऱ्यांदा काढलेल्या चौथीचा दाखलासुद्धा. मी भांडले, "तिथं चौथीचा दाखला कोण बघणार?" तरी तो पिशवीत गेलाच. खरं सांगू, मलाही तो तिथं असलेला बरा वाटला.

जर्मनीतली सहामाही चांगली पार पडली. मग एका सकाळी सामान घेऊन बेल्जियमच्या गाडीत बसले. फाईल मांडीवर, पासपोर्ट हातात, डोळे दाराकडं. आता कुणीतरी येणार, उतरा म्हणणार. बाहेर नुसती ओली शेतं. एवढ्यात मोबाईलवर संदेश आला. बेल्जियममध्ये स्वागत, तुमचे फोनचे दर तेच राहतील. मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना इंग्रजीत विचारलं, "सरहद्द कधी लागते?" त्या म्हणाल्या, "ती मघाशीच गेली. मी दर आठवड्याला इकडं भाजीला येते, मलाही नेमकी कळत नाही." अगं बाई! आमच्याकडं दोन गावांच्या मधला दगड हलला तरी डोकी फुटतात, आणि या लोकांना देश कुठं संपला ते ठाऊक नाही. याच लोकांनी महायुद्धांत एकमेकांची गावंच्या गावं जाळली होती, हे मी शाळेत शिकले होते.

विद्यापीठात पोचले ती वर्गात गेलेच नाही. आधी कचेरीच्या दारात जाऊन उभी राहिले. आत या म्हणेपर्यंत उंबरा ओलांडला नाही. टेबलावर सगळी कागदं मांडली, चौथीच्या दाखल्यासकट, आणि विचारलं, "मला वर्गात बसता येईल का?"

तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "तुमचे गुण जर्मनीहून कधीच आलेत. आम्ही ते धरलेत. वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली. तुम्ही इथं काय करताय?"

मला रडूच फुटलं. त्या बाई घाबरल्या, पाणी घेऊन आल्या. जीव भांड्यात पडला होता, पण रडू त्याचं नव्हतं. त्या व्हरांड्यातले आबा दिसत होते, त्याचं होतं. एवढ्या मोठ्या दोन देशांनी माझं शिकणं न मागता मानलं, आणि त्या माणसानं तेवढ्यासाठी किती दारांत मान खाली घातली होती.

तास झाल्याबरोबर फोन लावला. आबा मेंढ्यांमागंच होते.

"काय झालं? बसायलीस का वर्गात?"

"बसले, आबा. परीक्षा मानली त्यांनी. कुणालाच विचारावं लागलं नाही."

आबांनी आधी एका मेंढीला हाळी देऊन वळवलं. मग म्हणाले, "असं व्हत नसतंय, बाई. तुझ्या आधी कुणीतरी म्होरं जाऊन इचारलं असंल. लय वर्सं इचारलं असंल. कोन व्हते ते, त्यास्नी माझा रामराम सांग."

आता कुणाला सांगू? त्या देशांचं एकमेकांत बोलणं माझ्या जन्माआधीपासून चाललेलं. त्यातला एकही माणूस मी पाहिलेला नाही. त्या सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर, मी ते विसरणार नाही. पण पुढं जाऊन विचारणारा एक माणूस मी रोज पाहिला होता, आणि आमच्यात बापाचे आभार मानायची रीत नाही.

"रामराम, आबा," मी म्हटलं.

"मला कशाला, येडे? त्यास्नी सांग."

"तुमालाच," मी म्हटलं.