दोन नावांची बाई

ती शारजाची घटना आजही आठवली की स्वतःचाच राग येतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईतून पळालेल्या एका आरोपीचा ताबा घ्यायला मी गेलो होतो आणि कागदपत्रांसाठी रोज तिथल्या ठाण्यात ताटकळत बसत होतो. तिथल्या कॅप्टनला हिंदी चांगलं यायचं, मराठी कुठून येणार? म्हणून एका सकाळी त्याने जबाब समजून घ्यायला मला बोलावलं.

तक्रारदार आपल्याकडचाच, शारजाजवळच्या हमरिया या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मॅनेजर. सोबत सात वर्षांची मुलगी. "माझी मिसेस दोन वर्षांपूर्वी गेली," तो म्हणाला. "आता ही म्हणते, मम्मी रोज शाळेच्या कुंपणापाशी येते. कोणीतरी बाई पोरीच्या मागावर आहे, साहेब."

मी मुलीला मराठीत विचारलं, ती इंग्रजीत बोलली. "शी डझन्ट टॉक. शी जस्ट लुक्स ॲट मी." सकाळचे दहा वाजले होते, तरी अंगावर काटा आला.

चौकशीसाठी त्याच्या फ्लॅटवर गेलो. भिंतीवर बायकोचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. मृत्यूचा दाखला मागितला तर म्हणाला, "शोधून देतो, इन्शाल्ला." दाखल्यावाचून मरण पोलिसाच्या पचनी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुंपणापाशी बाई सापडली. फोटोतलीच. नवऱ्याला ठाण्यात बोलावून समोर उभी केली. मेलेली बायको जिवंत निघाली, पण गृहस्थ साधा दचकलाही नाही.

"तुम्ही तर गेली म्हणालात?" मी विचारलं.

"गेलीच होती की. मेली कुठे म्हणालो?"

"मग हार कशाला?"

"मुलीला सवय व्हावी म्हणून," तो शांतपणे म्हणाला. त्याला मी बाहेर बसवलं.

बाईच्या पर्समध्ये एक पासपोर्ट होता आणि युरोपातल्या एका देशाच्या सरकारी कचेरीचा कागद, वेगळ्याच नावाचा. कॅप्टनने मला विचारलं, "ये दो औरतें हैं या एक?"

ती मराठीत हळू बोलली. "दादा, कागदावर माहेरचं नाव आहे. नवरा जिवंत ठेवणार नाही म्हणून तिथे आश्रय मागितलाय. निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नसतो, सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. पोरीला बघितल्यावाचून राहवेना, चोरून आले. कागद रस्त्यात सापडला म्हणून सांगा." तिने बाही वर केली. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते.

आणि मी काय केलं? हुशारी दाखवली. आमच्यात लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहितात, बाई एकच आहे, असं कॅप्टनला समजावून सांगितलं. तो खूश झाला. "खलास," म्हणाला आणि खातरजमेसाठी त्याने त्या देशाच्या वकिलातीला फॅक्स केला.

अर्ज बाद झाला. परत जायचा रस्ता बंद. व्हिसा संपला तसं तिला मुंबईच्या विमानात बसवलं. मी तोवर परतलो होतो. विमानतळावरच्या सहकाऱ्याला फोन करून म्हटलं, त्या बाईकडे लक्ष ठेव. तो म्हणाला, "काळजी नको सर. तिचे मिस्टर कालपासून येऊन थांबले होते. घेऊन गेले."

पुढे वर्षभर मी तिच्या सासरच्या हद्दीतल्या ठाण्यात विचारत राहिलो. दर वेळी एकच उत्तर यायचं, तक्रार नाही. हा शेरा मारून मीही नोकरीत शेकडो फाइली बंद केल्या होत्या. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं खुशाल मानत आलो होतो. त्यानंतर हाताखालच्यांना सांगायचो, शेरा नको, आधी माणूस डोळ्यांनी बघून या.

तिला बघायला मात्र मी स्वतः गेलो नाही. हिंमत झाली नाही.